लाडवांच्या गुळावर चाललेली जीप

माझे वडील तीस वर्षं स्पिरिटच्या भट्टीवर होते आणि दारूचा एक घोट त्यांनी कधी घेतला नाही. हे मी आधीच सांगून टाकते. नंतर कुणी मध्येच "पण आम्ही तर वेगळंच ऐकलंय" म्हणून मान हलवायला नको. तशा माना मी खूप पाहिल्या आहेत आणि आता ऐकून घ्यायचं बळ माझ्यात उरलेलं नाही.

आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. नगरकडच्या एका साखर कारखान्यात ते कामाला होते. उसाच्या रसाची साखर काढून झाली की मागे काळी, चिकट मळी उरते. ती आंबवायची, उकळायची, वाफ गार करायची, की स्पिरिट निघतं. त्यातलं पाणी पार काढून टाकलं की ते पेट्रोलमध्ये मिसळायला टाक्या भरभरून जायचं. आज पंपावर इथेनॉलच्या पाट्या लावतात आणि माझा नातू मला ते काहीतरी नवलाईचं म्हणून समजावून सांगतो. मी हूं हूं करते. अरे बाबा, मी त्याच्या वासात वाढले! गोड, आंबूस, किंचित करपलेला वास. हिवाळ्यात गळीत सुरू झालं की तो घरात, अंथरुणात, वेणीत शिरायचा. मला त्या वासाशिवाय झोप यायची नाही.

दुपारी अण्णांचा डबा मी पोचवायची. जेवण झालं की ते भट्टीपासून लांब, बाभळीखालच्या दगडावर चमचाभर स्पिरिट ओतायचे आणि काडी लावायचे. भर उन्हात त्याची ज्योत दिसतच नाही. "हात धर वर," म्हणायचे. मी भीत भीत हात धरायची आणि तळव्याला ऊब लागायची. "आहे ना?" ते विचारायचे. "आहे," मी म्हणायची. एवढाच आमचा खेळ होता.

गळ्यात तुळशीची माळ. संध्याकाळी फाटकातून बाहेर पडताना ते दोन्ही हात वर करून उभे राहायचे, पहारेकऱ्याने अंग चाचपावं म्हणून. पहारेकऱ्याने चाचपणं कधीच सोडून दिलं होतं. "अहो, जा की," म्हणायचा. तरी हे रोज हात वर करायचे. मला लाज वाटायची. वाटायचं, काय हा बावळटपणा! त्या काळी दारूबंदी कडक होती, घरात बाटली सापडली तरी माणूस आत जायचा, आणि स्पिरिटवर काम करणाऱ्याकडे तर सगळा गाव वाकड्या नजरेनेच बघायचा. ते हात का वर करायचे, हे मला फार उशिरा कळलं.

माझ्यासाठी त्यांनी मोटारवाला नवरा शोधला. स्वतः जन्मात कधी मोटारीत बसले नव्हते. "आपण काढतो ते कुठंतरी मोटारीत जळतं. पोरगी तरी त्यात बसंल," एवढाच त्यांचा हिशोब. अशी मी पालघर तालुक्यात मासवणला येऊन पडले. ह्यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, लढाईच्या काळातली जुनी जीप होती. पालघर स्टेशनवरून माणसं, मुरब्याहून सुकी मासळी, कधी बोईसरला उतरलेले मजूर तारापूरला, जिथे अणूची वीज करायचं काम नुकतं सुरू झालं होतं. त्या मजुरांकडून हे "चलेगा, चलेगा" एवढी हिंदी शिकले होते आणि ती घरात माझ्यावर वापरायचे. जीपच्या गाद्यांना बोंबलांचा वास. मी पदर नाकाला लावून बसायची आणि मनात मळी आठवायची. पहिलं वर्ष मी वासावरूनच रडले.

पहिलं मूल मी बैलगाडीत गमावलं. सातव्या महिन्यात पोटात दुखायला लागलं, जीप त्या दिवशी तारापूरला होती, म्हणून शेजाऱ्यांच्या गाडीत घालून मला पालघरला न्यायला निघाले. दगडाधोंड्याचा रस्ता. अर्ध्या वाटेत सगळं संपलं. त्याबद्दल मला याहून जास्त लिहायचं नाही.

दुसऱ्या वेळी नर्सबाईंनी पोट चाचपून सांगितलं, "बाळ आडवं आहे. दवाखान्याशिवाय सुटका नाही. आणि बैलगाडीचं नावसुद्धा काढायचं नाही." माहेरी कारखान्याच्या दवाखान्यात चांगली डॉक्टरीणबाई होती. ठरलं, अण्णा मला न्यायला येणार, सातवा संपायच्या आत निघायचं. आठव्यात पोटुशीला हलवत नाहीत, आमच्याकडेही नाही आणि ह्यांच्याकडेही नाही.

अण्णा आले ते खांद्यावर गुळाच्या दोन ढेपी घेऊन. "जावयाच्या घरी मोकळ्या हातानं कसं यायचं? आणि बाळंतपण करून परत आलीस की लाडू लागतीलच." पण आले ते चालत. पालघरहून मासवणपर्यंत! पावसात मोरी खचल्यामुळे एसटी बंद होती. ओढ्यातून जाईल तर फक्त जीप. आणि जीप दारात नुसती उभी होती, कारण नुकतीच पाकिस्तानशी लढाई होऊन गेली होती आणि पेट्रोल मिळेनासं झालं होतं. हे तीनदा सायकलला डबा बांधून पालघरला जाऊन आले, एकदा उमरोळीवरून पार बोईसरपर्यंत. डबा रिकामा तो रिकामाच. टाकीच्या तळाशी शेरभर असेल नसेल. डोली करून न्यावं, तर पाड्यावरचे सगळे गडी गवत कापायला लांब गेलेले. सातवा संपायला बारा दिवस होते.

आमच्या मागे ओढ्याकाठी एका वारली बाईचं झोपडं होतं. माझ्याहून वयाने मोठी, नवरा गवतावर गेलेला, पदरी तीन पोरं. माझं पहिलं मूल गेलं तेव्हा बैलगाडीत माझं डोकं तिच्याच मांडीवर होतं. ती घरच्यापुरती मोहाची काढायची, सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. दारात जीपकडे बघत आम्ही तिघं बसलो असताना तीच म्हणाली, "आमी काढतो ती दारू जलते की. चुलीत थोरी टाकली तं भडका उठतो. गाडीला नाय चालं?"

ह्यांनी अण्णांकडे पाहिलं. मी पाहिलं. अण्णा उठले आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून बसले. माळेचे मणी बोटांत फिरत होते. मी काही बोलले नाही. बोलले असते तर मीच हट्ट केला असं झालं असतं, आणि खरं सांगायचं तर मनात मी हट्टच करत होते. हे बघा, तीस वर्षं हात वर करणाऱ्या माणसाला मी मनातल्या मनात दारू गाळायला सांगत होते! ऊन कलेपर्यंत ते तसेच बसून राहिले. मग वळून त्या बाईला विचारलं, "तुझ्याकडं रांजण केवढा आहे?"

लाडवांचा गूळ त्यात गेला. दोन्ही ढेपी, वर ओढ्याचं पाणी आणि आंबायला मूठभर मोहाची फुलं. रांजण तिच्याच झोपडीत ठेवला, उबेला. मी दुपारची तिच्याकडे जाऊन रांजणाशेजारी आडवी व्हायची. आत बुडबुड, बुडबुड चालायचं. कान लावला की रांजणातलं ऐकू यायचं आणि हात ठेवला की पोटातलं हलायचं. दाराबाहेर पिवळं पडत चाललेलं भात, त्यावर ऊन, आणि हळूहळू त्या झोपडीला माझ्या माहेरचा वास यायला लागला. लग्नानंतर पहिल्यांदा मी इतकी गाढ झोपले. दिवस मोजायचे सोडून मी झोपत होते, याची आता आठवण झाली तरी मला माझा राग येतो आणि हसूही येतं.

सातव्या दिवशी तिने भट्टी लावली. मडक्यावर मडकं, मातीने लिंपलेले सांधे, बांबूची नळी. अण्णा लांब उभे होते. त्यांनी फक्त सांगितलं, पहिल्या धारेची तेवढी वेगळी ठेव, पुन्हा एकदा उकळ, आणि दे. तिने तसं केलं. पहिले थेंब जमिनीवर आपल्या देवांना शिंपडले, मग जीपच्या नाकावरही शिंपडले. ह्यांनी टाकी भरली, हॅन्डल मारलं. जीप एकदा खोकली, सुरू झाली, चिंचेपर्यंत गेली आणि मेली. पुन्हा हॅन्डल, पुन्हा खोकला. मग तेही नाही.

अण्णांनी टाकीतलं काचेच्या बाटलीत घेतलं आणि उन्हात धरलं. वर पेट्रोलचा पातळ थर, खाली पांढुरकं काहीतरी वेगळं. "पाणी आहे यात," ते म्हणाले. "पुष्कळ पाणी. दोनदा उकळून एवढं पाणी राहणार नाही."

बाई पुढे आली. चेहऱ्यावर भीती नाही, काही नाही. "मी घातला पानी. पयल्या धारेची हाय, तशीच कोनी पितो का? पोट जलंल गाडीचा. पाव्हन्याला देतो तशी मवाल केली."

माझा तोल गेला. मी ओरडले. नको नको ते बोलले तिला. गाडी म्हणजे काय तुझा पाहुणा आहे का, अक्कल आहे का काही, माझं हेही मूल घालवायचंय का! हेही बोलले, हो. ती ऐकत उभी राहिली. मग म्हणाली, "पाव्हनाच हाय ना, वयनी. तुला न्यायला आलाय." आणि खाली बसून बाटली हातात घेऊन तो वरचा पेट्रोलचा थर बघत बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या झोपडीत ते सापडलं असतं तर तिला नेलं असतं आणि ती तीन पोरं कुणाच्या दारात गेली असती? हा विचार आठ दिवसांत माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता.

सातवा संपायला चारच दिवस उरले होते. गूळ संपला होता. जे होतं ते त्या पाणी झालेल्या दारूतूनच काढायचं होतं. तेव्हा अण्णांनी धोतर वर खोचलं आणि ते स्वतः चुलीपाशी बसले. दिवाळीच्या रंगासाठी आम्ही चुनकळी आणून ठेवली होती, कोरडी, न विझवलेली. टाकीतलं पेट्रोल त्यांनी अलगद निथळून वेगळं केलं. दारू पुन्हा उकळली, गाळली, तिच्यात चुनकळी टाकली आणि घागरीचं तोंड फडक्याने घट्ट बांधलं. "चुना पाणी पितो," ते जावयाला सांगत होते, "दारू पीत नाही. माझ्यासारखा आहे." स्वतःच्याच बोलण्यावर ते हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हसले.

दुसऱ्या दिवशी शेवटचं उकळून जे उतरलं ते दोन कळशा भरेल एवढं होतं. अण्णांनी चिंधी भिजवून दगडावर ठेवली. दारू जळून चिंधी ओली राहिली तर पाणी आहे, चिंधीसकट राख झाली तर माल खरा. त्यांनी काडी लावली. उन्हात काहीच दिसेना. मी पुढे वाकून विचारलं, "पेटली का?"

"हात धर," अण्णा म्हणाले.

मी धरला. एका हाताने पोट सावरून, दुसरा हात त्या दगडावर. तळवा गरम झाला. "आहे ना?" "आहे, अण्णा." तेवढ्यात चिंधी काळी पडली, कडा वळल्या आणि भुरूभुरू राख झाली. त्यांनी तरीही एक थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला आणि लगेच थुंकले. भट्टीवरचा कारागीर असंच करतो, नुसत्या चिंधीवर विसंबत नाही. ओतताना थोडी त्यांच्या सदऱ्यावरही सांडली. ते माझ्या लक्षात राहिलं.

निथळलेलं पेट्रोल सुरुवातीला, मग स्पिरिट, आणि चोक अर्धा ओढून धरायचा, असं अण्णांनी शिकवलं. जीप सुरू झाली. "चलेगा!" हे ओरडले. बाईने माझ्या कपाळावर हात फिरवला. मी तिचे पाय धरायला वाकले तर तिने मला वाकू दिलं नाही.

तो रस्ता मला अजून झोपेत दिसतो. हे बैलाच्या चालीने जीप चालवत होते, अण्णा पुढे बसलेले, जन्मात पहिल्यांदा मोटारीत, दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरून. दोन्हीकडे पिकलेलं भात. ओढ्यात पाणी चाकाच्या अर्ध्यापर्यंत आलं आणि मागे राहिलं. आणि मागून येणाऱ्या धुराला वास माझ्या माहेरचा! बोंबील कुठल्या कुठे गेले. माझ्या लाडवांचा गूळ जळत होता आणि त्यावर मी तरंगत चालले होते. पोटातलं पोर शांत होतं. एकही धक्का मला आठवत नाही. धक्के असणारच, पण आठवत नाहीत. मध्येच अण्णा मागे वळून म्हणाले, "आगं, हे तर लई भारी असतं की!"

पालघरला दुपारची पॅसेंजर यायला थोडा वेळ होता. ह्यांनी जीप स्टेशनबाहेर लावली. अण्णा माझी वळकटी उचलत होते तेवढ्यात एक शिपाई जवळून गेला, थांबला आणि परत आला. नाकपुड्या फुगवून त्याने अण्णांचा सदरा हुंगला. "तोंड उघड."

अण्णांनी उघडलं.

"कुठं प्यालास?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांचे डोळे जीपच्या टाकीवर होते. खरं सांगितलं की टाकी उघडणार. टाकी उघडली की जीप जाणार, हे जाणार, मागोमाग शिपाई मासवणला ओढ्याकाठी जाणार. आणि ती पॅसेंजर निघून जाणार. हे सगळं एका श्वासात माझ्या डोळ्यांपुढून गेलं. अण्णांच्या त्याआधीच गेलं असावं, कारण वळकटी खाली ठेवून ते चालत जीपपासून लांब झाले. शिपाई त्यांच्यामागे गेला. तिथे उभं राहून ते स्पष्ट म्हणाले, "प्यालो. वाटेत. माणूस ओळखीचा नाही."

"गळ्यात माळ आणि…" शिपाई बोलला. बाकीचं मी लिहीत नाही. तो त्याचं काम करत होता.

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ, मी बोलणार होते. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "तू गप. गाडीत बस." आयुष्यात ते मला कधी गप म्हणाले नव्हते. मग त्यांनी दोन्ही हात वर केले, कारखान्याच्या फाटकात करायचे तसे, आणि शिपायाने त्यांचं अंग चाचपलं. पॅसेंजर आली तसे हे मला घेऊन तिच्यात चढले. खिडकीतून मला अण्णांची पाठ दिसली. दादर येईपर्यंत मी नुसती रडत होते.

मुलगी झाली. आडवीच होती, डॉक्टरीणबाईंनी कौशल्याने वळवली. अण्णा पकडले गेल्याच्या तिसऱ्या दिवशीच सुटून घरी आले होते. बातमी त्यांच्या आधी पोचली होती. भट्टीवरचा माणूस दारूच्या वासाने पकडला गेला म्हटल्यावर त्याला भट्टीवर कोण ठेवणार? त्यांना वजनकाट्यावर बसवलं, उसाच्या गाड्या मोजायला. नोकरीची उरलेली सगळी वर्षं ते तिथे उन्हात बसले. बारशाला आलेले पुरुष त्यांच्या पंगतीला बसले नाहीत. आणि माळ त्यांनी स्वतःच काढून खुंटीला लावली होती. आईला मी खरं सांगायला गेले तर ती म्हणाली, "मला नको सांगू. मी त्यांच्याशी संसार केलाय."

मी त्यांच्याशी भांडले. "माळ तरी घाला! देवाला माहीत आहे ना?" तर म्हणाले, "मी हो म्हणालोय. आता माळ घातली तर कुणीतरी विचारणार, मग खरं काय? मग ती बाई. तीन पोरं आहेत तिला." एवढं बोलून नातीला मांडीवर घेऊन बसले. तिच्या टाळूला नाक लावून म्हणाले, "गुळाचा वास येतोय." मला हसावं की रडावं कळेना.

पुढे ते गेले तेव्हा मुलगी वीस-एकवीसची होती. ओढ्याकाठची ती वारली बाई त्याच्या आदल्याच वर्षी वारली होती, आता तिला कुणी नेणार नव्हतं. भजनी मंडळी दारात बसली होती, पण टाळ खालीच. कुजबुज चालली होती, की माळकऱ्यासारखं कसं न्यायचं, माळ तर यांनी काढली होती. तेव्हा मी उठले आणि सगळं सांगितलं. गूळ, रांजण, चुनकळी, जिभेवरचा थेंब, शिपाई, सगळं. वीस वर्षं तोंडाला घातलेलं कुलूप, किल्ली शोधत बसले नाही, तोडलंच.

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं. ती आत गेली, खुंटीवरची माळ काढली, पदराने पुसली आणि घेऊन आली.

मंडळींतले एक म्हातारे हलकेच म्हणाले, "पोरी, प्यालेल्या माणसानं काढलेली माळ परत घालत नाहीत."

"ते प्याले नाहीत," ती म्हणाली. "मी प्याले. त्याच गुळावर मी आले." आणि वाकून तिने ती माळ त्यांच्या गळ्यात घातली.

मग त्याच म्हाताऱ्यांनी टाळ उचलले.